खुंटीची माळ, अंगठ्याचा गजरा

बँकॉकच्या फुलबाजारात मी फुलांकडे कमी आणि माणसांच्या पायांकडे जास्त बघत होते.

मुलगा आणि सून मोठ्या हौसेने मला परदेश दाखवायला घेऊन गेले होते. चार दिवस देवळं, राजवाडा, नदीतली बोट असं सगळं यथासांग झालं. पाचव्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "आई, आज खास तुमच्यासाठी. तुम्हाला फुलांची आवड आहे ना, फुलांचा बाजार बघू." मला फुलांची आवड आहे हे तिने कशावरून ठरवलं, देव जाणे. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी घरात गुलाबाची एक कुंडी ठेवलेली नाही आणि केसांत कधी फूल माळलेलं नाही. पण तिचा उत्साह बघून गप्प बसले. गप्प बसायची मला सवयच आहे, आणि ती चांगली सवय नाही.

आपल्या रिक्षासारख्या तीनचाकीतून उतरलो तेव्हा उन्हं नुकतीच वर आली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडूचे ढीग. आपलाही झेंडू एवढाच मोठा असतो, असं मी परक्या देशात जाऊन म्हणाले आणि मुलगा हसला. बर्फाच्या चुऱ्यावर मांडलेली ऑर्किड, पाकळ्या आत दुमडून ठेवलेली कमळं, आणि एका छपराखाली ओळीने बसलेल्या बायका. त्यांच्यापुढे पराती भरभरून पांढऱ्या कळ्या. मोगऱ्याच्याच जातीच्या. वास तर अगदी तोच.

सुनेने एक छोटी माळ उचलली आणि नाकाशी नेली. समोरची म्हातारी एकदम "आ, आ" करून उठली, माळ काढून घेतली आणि बाजूला टाकली, दुसरी दिली. मग दोन्ही हात जोडून वर दाखवले. देवाची माळ, हुंगायची नाही. मुलगा चकित झाला. "आई, अगदी आपल्यासारखंच गं!" मी म्हणाले, "तिला विचार, दोरा कशाला बांधते?" त्याने खुणा करून विचारलं. म्हातारीने हातभर लांबीची सुई दाखवली. ती सुईत कळ्या ओवत होती. मी पुढच्या बाईकडे गेले, तिच्या पुढच्या बाईकडे गेले, वाकून वाकून बघितलं. सगळ्यांचे पाय स्टुलाखाली चपलांत होते. कुणाच्याच पायात दोरा नव्हता.

"तुला काय पाहिजे नक्की?" मुलाने विचारलं.

"काही नाही. सहज."

सहज नव्हतं. मला ते त्याला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या औरंगाबादेत गुलमंडी आहे. गावातला सगळ्यात गजबजलेला भाग, कापडाची आणि भांड्यांची दुकानं. त्या नावात फुलं आहेत हे मला दस्तगीरचाचांनी सांगितलं. "गुल म्हंजे फूल, मंडी म्हंजे बाजार. आता बघ शकूबेटा, सगळ्या गुलमंडीत गुल एकट्या दस्तगीरपाशी. बाकी समदे लुगडी विकायलेत." हे सांगताना त्यांचा चेहरा अख्ख्या बाजाराचे मालक असल्यासारखा व्हायचा. मालकी होती ती दोन कपाटांच्या मधल्या फटीएवढ्या ओट्याची. त्यावर ओलं गोणपाट, पाण्याचं जर्मनचं पातेलं, दोऱ्यासाठी केळीच्या सोपटाची जुडी आणि टोपल्या. मागच्या भिंतीत एक लोखंडी खुंटी.

चाचा उंच होते आणि ओटा बुटका. त्यामुळे ते बसले की गुडघे कानाशी यायचे. दाढी पातळ, डोक्याला विणलेली टोपी, आणि आवाज इतका बारीक की गिऱ्हाईक पुढे वाकल्याशिवाय ऐकूच येत नसे. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाला पायजे?" ते कळल्याशिवाय ते फुलाला हात लावत नसत. कुणी घाईत म्हणालं, "अहो, द्या ना कुठलाही हार," तर म्हणायचे, "कुठलाही हार नसतोय साहेब. कुणाचा तरी असतोय."

त्यांचा एक कायदा होता. देवाचं आणि दर्ग्याचं काम खुंटीवर. दोऱ्याचं टोक खुंटीला बांधायचं, हातपाय धुऊन, पाय पोटाशी दुमडून बसायचं आणि गाठी मारत जायचं. माणसाचं काम मात्र पायाच्या अंगठ्यावर. अंगठ्याला दोरा अडकवला की पायाने ताण देता येतो, हात झपझप चालतात. नवरदेवाचा सेहरा, मुंडावळ्या, बायकांचे गजरे, सगळं अंगठ्यावर. आणि ही गोष्ट ते लपवत नसत. विचारणाऱ्याला उजवा पाय पुढे करून दाखवायचे. अंगठ्याला दोऱ्याचा करकोचा पडून पडून तिथे कायमची खाच झाली होती.

एकदा कुणा मंत्र्याच्या सत्कारासाठी एक कार्यकर्ता हार सांगायला आला. मी तिथेच होते. चाचांनी विचारलं, "देवाचा का माणसाचा?" कार्यकर्ता रुबाबात म्हणाला, "आमच्यासाठी साहेब म्हणजे देवच." चाचा म्हणाले, "हौ. मंग खुंटीवर करतो. पर एक हाय, देवाला घातलेला हार देव आपल्या हातानं काढत नसतोय. सकाळपतुर साहेबाला तसंच बसावं लागंल." कार्यकर्ता गोंधळला आणि हळूच म्हणाला, "माणसाचाच करा." चाचांनी शांतपणे पाय लांब केला.

आमच्या गल्लीतल्या रामाच्या देवळात रोजची माळ त्यांची असायची. त्यांच्या वडिलांपासूनची. निजामाचं राज्य गेलं ती पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. त्याआधी आमच्या लोकांनी रझाकारांच्या भीतीने दारं लावून घेतली होती, आणि नंतर चाचांच्या मोहल्ल्यातल्यांनी लावून घेतली. चाचांचा धाकटा भाऊ त्याच दिवसांत बायकामुलांना घेऊन गाव सोडून गेला तो परत आला नाही. त्या आठवड्यात गुलमंडी बंद होती. देवळाचे पुजारी मागच्या बोळातून स्वतः चाचांच्या दारात गेले आणि म्हणाले, "दस्तगीर, रामाच्या गळ्यात चार दिवस काही नाही." बाजारात फूल नव्हतं. चाचांनी अंगणातल्या कण्हेरीची माळ केली, आणि पुजाऱ्यांनी ती उपरण्याखालून नेली. ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. चाचा स्वतः ती कधी सांगत नसत. एकदाच मला म्हणाले होते, "भाऊ म्हनला, चल. म्या म्हनलं, उद्याची माळ कोन करंल? ती माळ देवळात जातीय ना बेटा, तवर ह्या गल्लीत मला कोन परका म्हनत नाय."

हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं. मला माहीत होतं.

मी कॉलेजात जाऊ लागले आणि वर्गातल्या एका मुलात माझा जीव गुंतला. जालन्याचा होता, आमच्या जातीचा नव्हता. नाव लिहीत नाही, त्याचीही नातवंडं असतील. आमचे अण्णा कचेरीत कारकून आणि देवळाच्या पंचांपैकी एक. त्यांना कळलं असतं तर कॉलेज त्याच दिवशी सुटलं असतं. दर गुरुवारी दुपारी मी मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून निघायची, चाचांकडून मोगऱ्याचा वीतभर गजरा घ्यायची, आणि पाणचक्कीच्या हौदापाशी त्याला भेटायला जायची. परतताना गजरा केसांतून काढून चाचांच्या ओट्यावर ठेवायची, कारण घरी तो कुठून आणला हे सांगता आलं नसतं. चाचा तो पानात गुंडाळून वेगळा ठेवत. माणसाच्या केसांतलं फूल रस्त्यावर पडून कुणाच्या पायाखाली जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. "कुणाला पायजे?" हा प्रश्न मला त्यांनी कधी विचारला नाही. गुरुवारी मी दिसले की पाय लांब करायचे, एवढंच.

वैशाखातला गुरुवार होता. लग्नसराईने मोगरा पार संपला होता. रामाला मात्र उन्हाळाभर मोगऱ्याचीच माळ लागायची, म्हणून ओल्या फडक्याखाली एक टोपली झाकलेली होती.

"आज नाय बेटा," चाचा म्हणाले. "ही देवाची टोपली हाय."

"चार कळ्या घेतल्या तर देवाला काय कमी पडणार आहे?"

"कमी नाय पडत. पर आपुन देवाच्या गळ्यातनं काढल्यावानी व्हतंय."

"चाचा, आजच्या दिवस. आज फार महत्त्वाचं आहे."

काही महत्त्वाचं नव्हतं. त्या मुलाने आदल्या गुरुवारी गजऱ्याची स्तुती केली होती, बस इतकंच. चाचांनी माझ्याकडे बघितलं, फडकं बाजूला केलं, ओंजळभर कळ्या घेतल्या आणि दोरा अंगठ्याला अडकवला. "धा मिनटांनी ये. इथं उन्हात नको उभी ऱ्हाऊ."

मी समोरच्या कापडाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तिथून मला सगळं दिसत होतं. देवळाचे दुसरे पंच नाना गुलमंडीतून चालले होते. स्वभावाने तापट, पण खोटा माणूस नव्हता. ते ओट्यासमोर थांबले. देवाची टोपली उघडी, देवाच्या कळ्या, वेळ रोज देवाची माळ व्हायची तीच, आणि दोरा पायाच्या अंगठ्यात. नानांना जे दिसलं ते दिसलं. त्यांचा आवाज अख्ख्या बाजाराने ऐकला. "रामाच्या गळ्यात पायाची माळ घालतोस? किती वर्षं घालतोयस?" चाचा उठून उभे राहिले, हात जोडले, पण त्यांचा बारीक आवाज काही माझ्यापर्यंत पोचला नाही. लोक जमले. नाना तरातरा निघून गेले.

गर्दी पांगल्यावर मी ओट्यापाशी गेले. मला वाटलं, काहीतरी बोलावं. चाचांनी पानात गुंडाळलेला गजरा माझ्या हातात दिला. "जा तू," म्हणाले. "उशीर व्हतोय तुला."

आणि मी गेले. तो गजरा माळून गेले, तासभर हौदाच्या कठड्यावर बसून हसले, आणि परत येताना मागच्या बोळातून आले.

त्याच संध्याकाळी देवळाच्या पटांगणात पंच बसले. चाचांना बोलावणं गेलं. ते पायरीखाली उभे राहिले. मी अण्णांच्या मागे, खांबाशी, इतर बायकांत.

अण्णाच बोलले. अण्णांचा चाचांवर जीव होता आणि त्यांना हे प्रकरण मिटवायचं होतं. "दस्तगीर, ती माळ देवाची नव्हती एवढं सांग. विषय संपला."

"देवाची नव्हती अण्णासाहेब. मानसाची व्हती."

"मग देवाच्या टोपलीला हात का लावला?" नाना म्हणाले.

"ती चूक झाली माझी. गिऱ्हाइकाला नड व्हती."

"कुणाला नड होती? त्याला बोलाव इथं. त्याने सांगितलं की हा माझा हार, तर मी स्वतः तुझी माफी मागतो."

मी खांबाला धरून उभी होते. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघणार. नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं, अण्णांना कळलं असतं. त्यांनी पूर्ण वेळ नजर रामाच्या गाभाऱ्याकडे ठेवली. चुकूनसुद्धा खांबाकडे वळवली नाही.

"नाव नाय सांगता यायचं," चाचा म्हणाले.

"का?"

"गिऱ्हाइकाचं नाव हाय ते. माझं नाय."

अण्णांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज चढला. पुजारी मध्ये पडले, कण्हेरीच्या माळेची आठवण त्यांनी काढली. पण चाचा नाव सांगेनात, आणि नाव न सांगणारा माणूस खोटं बोलतोय असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी अण्णांनीच सांगितलं, उद्यापासून माळ आणू नकोस. चाचांनी मान हलवली. पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि गेले.

माझं पाप इथे संपलं असतं तरी मला म्हातारपणी थोडी झोप लागली असती. घरी आल्यावर अण्णा ओसरीत डोकं धरून बसले. "इतकी वर्षं," ते म्हणत होते, "इतकी वर्षं आपण विश्वास ठेवला. शकू, तू रोज तिथून जायचीस. तुला कधी काही दिसलं नाही?"

मी नाही म्हणू शकले असते. मी म्हणाले, "मला आधीपासूनच तसं वाटायचं."

हे वाक्य का बोलले? कुणी मागितलं नव्हतं. कदाचित आपल्यावर संशय येऊ नये म्हणून. अण्णांनी ते वाक्य दुसऱ्या दिवशी नानांना सांगितलं, नानांनी गल्लीला. "अण्णांच्या शकूनेसुद्धा पाहिलं होतं." वाटायचं म्हणाले होते, त्याचं पाहिलं झालं. मी तेही दुरुस्त केलं नाही.

चाचांचा ओटा त्यानंतर तीन-चार वर्षं चालला. सेहरे, मुंडावळ्या, गजरे चालू होते. गल्लीतल्या बायका मात्र गुरवाच्या पोराकडून फुलं घेऊ लागल्या. मी कॉलेजला लांबच्या रस्त्याने जायची. दोनदा समोरासमोर गाठ पडली. दोन्ही वेळा चाचांनी "कशी हायस बेटा?" विचारलं, आणि दोन्ही वेळा मी घाईत असल्याचं सोंग केलं.

तो मुलगा परीक्षा होताच हैदराबादला नोकरीला गेला. दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही. पुढच्या वर्षी कळलं, त्याचं लग्न झालं. मी फार रडलेसुद्धा नाही, यातच काय ते आलं. मग अण्णांनी स्थळ बघितलं, मी पाटबंधारे खात्यातल्या एका सरळ माणसाशी लग्न केलं आणि नांदेडला गेले. लग्नाच्या मुंडावळ्या कुठून आणल्या हे मी विचारलं नाही.

अण्णा आहेत तोवर सांगता येणार नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. ती वीसेक वर्षं पुरली. अण्णा गेले, त्यांचे दिवस झाले, आणि माझ्यापाशी काही सबब उरली नाही. चाचा पडेगावला मुलाकडे राहतात असं कळलं. दौलताबाद रस्त्याच्या बसने मी एकटीच निघाले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. चाचा, मी बोलायला हवं होतं. चाचा, मी घाबरले. एवढंच बोलायचं होतं.

घर सापडलं. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली बाज. चाचा बाजेवर बसले होते. डोळे अगदी अधू झाले होते. हातात काही काम नव्हतं, तरी बोटं मांडीवर हलत होती. मी नाव सांगितलं.

"कोन शकू? अण्णासाहेबांची?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि माझा हात चाचपून धरला. "बस, बस. इकडं बस. अण्णासाहेब गेले, ऐकलं म्या. लई सच्चा माणूस."

मी म्हणाले, "चाचा, मला तुमच्याशी बोलायचं आहे."

"आधी मला एक इचारू दे. लई साल झाले, मनात हाय." त्यांनी आवाज आणखी बारीक केला. मी वाकले. "तो पाणचक्कीवाला. त्येच्याशीच झालं ना लगीन? सांभाळतो ना बराबर?"

म्हणजे त्यांना ठिकाणसुद्धा माहीत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. दिसत नसलेले डोळे माझ्यावर रोखून ते वाट बघत होते. तयार करून आणलेलं एकही वाक्य मला आठवेना. खरं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की ज्याच्यासाठी ते झालं तो तिसरं पत्रसुद्धा न लिहिणारा निघाला.

"हो चाचा," मी म्हणाले. "त्याच्याशीच झालं. चांगला आहे."

"मुलंबाळं?"

"एक मुलगा."

"अल्ला!" चाचांनी दोन्ही हात आभाळाकडे केले. चेहरा असा उजळला की मला बघवेना. आतून त्यांची सून चहाचे कप घेऊन बाहेर आली. चाचा अंदाजाने तिच्याकडे वळले आणि जन्मात पहिल्यांदाच मी त्यांचा मोठा आवाज ऐकला. "अगे सुन, ये कौन है मालूम? राम के मंदिर के अण्णासाहेब की बेटी! इसकी शादी मैं लगाया! किसी कू मालूम नहीं, एक मेरे कू मालूम."

सून पदर सावरत माझ्याकडे बघून हसली. "सच्ची क्या, बाई?" तिने विचारलं.

मी मान हलवली आणि कप हातात घेतला.